हिराजीनाना आणि खाजणातलं मैदान

हिराजी म्हात्र्यांच्या मैदानावरच्या रेषा लाल होत्या. फुटबॉलच्या मैदानावर रेषा पांढऱ्या असतात. माझ्या तपासणीच्या तक्त्यातही तसंच छापलेलं आहे. पण हे मैदान मोरवा गावाच्या पलीकडे, खाडीच्या बांधाला लागून, जुन्या मिठागराच्या जागेवर होतं. जमिनीवर मिठाची पांढरी साय धरलेली असायची. त्यावर चुन्याची फक्की मारली असती तर रेषा कुठली आणि जमीन कुठली हे कोणालाच कळलं नसतं. म्हणून नाना विटांचा चुरा आणून त्याने रेषा आखत.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा तक्ता काढून विचारलं, रेषा लाल का? ते म्हणाले, "पांढऱ्यावर पांढरी मारू? मारतो. मंग रेफ्रीला तुमीच सांगा ती कुठं हाय." मी संघटनेच्या कार्यालयात फोन लावला. तिथे सावंत म्हणून एक जण सामन्यांचं वेळापत्रक बघतात. दिसत असतील तर चालू द्या, असं ते म्हणाले. मी 'रेषा' या शब्दापुढे बरोबरची खूण केली आणि कंसात 'लाल' लिहिलं. नाना माझ्या खांद्यावरून वाचत होते. "कंसात कशाला?" त्यांनी विचारलं. "लाल म्हंजे काय आजार हाय?"

मी जिल्ह्याच्या फुटबॉल संघटनेची मॅच कमिशनर आहे. आठवडाभर एका कंपनीच्या हिशेब खात्यात नोकरी आणि रविवारी हे काम. माझी मुलगी फुटबॉल खेळायची, तिला न्यायला-आणायला म्हणून मी मैदानांवर जायला लागले. पुढे तिचं खेळणं सुटलं, माझं जाणं सुटलं नाही. सामन्याच्या आधी मैदान तपासायचं, सामना बघायचा, शेवटी अहवाल लिहायचा. गोलाच्या जाळ्या, कोपऱ्यातले झेंडे, प्रथमोपचाराची पेटी, पिण्याचं पाणी, खेळाडूंना कपडे बदलायला आडोसा. मला हे जमतं. घरी किराण्याची यादीही मी दुकानातल्या फळ्यांच्या क्रमाने करते.

नानांचा क्लब म्हणजे 'उगवता तारा क्रीडा मंडळ'. सगळ्यात खालच्या श्रेणीत खेळायचा आणि बहुतेक वर्षं त्या श्रेणीच्याही तळाशी असायचा. संघात मोरव्यातले दोघं-तिघं आगरी, बाकी भाईंदरभरातून आलेले. कोणी कुरिअर कंपनीत, कोणी मेडिकलच्या दुकानात, कोणी लिफ्ट दुरुस्तीवर. आपसात सगळे हिंदी बोलायचे. नाना बाहेरून ओरडायचे ते मात्र त्यांच्या स्वतःच्याच भाषेत, "अरे पास कर ना, घरी लेके जानार हाय का बॉल?" बॉल कोणाकडे आहे हे न बघता ते असं ओरडत. त्यामुळे ते कोणालाच लागत नसे.

खरं सांगायचं तर नानांना फुटबॉल फारसा कळत नव्हता. ऑफसाइड त्यांना इतक्या वर्षांत समजला नाही. लाइन्समनचा झेंडा वर गेला की ते आधी आपल्या बाकाकडे बघत, आणि आपल्या पोरांचे चेहरे पडले असतील तर रेफ्रीवर चिडत. एकदा झेंडा दुसऱ्या संघाविरुद्ध होता, पण त्यांचा एक पोरगा नेमका उन्हामुळे तोंड वाकडं करून बसला होता. नानांनी रेफ्रीला भरपूर सुनावलं. रेफ्री म्हणाला, काका, निर्णय तुमच्या बाजूने दिलाय. नाना म्हणाले, "मंग ठीक हाय," आणि परत जागेवर गेले. लाज वगैरे काही नाही.

त्यांना कळायचं ते मैदान. त्यांचे वडील मिठागरात कामाला होते, स्वतः त्यांनी भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात नोकरी केली. मैदानावर ते कायम अनवाणी असत. खाकी हाफ पँट, वर इस्त्रीचा पांढरा शर्ट. पाहुण्यांसाठी मांडववाल्याकडून प्लास्टिकच्या खुर्च्या आणत आणि स्वतः कधी त्यांवर बसत नसत. मैदानाच्या एका बाजूला बांध, बांधापलीकडे तिवरं आणि खाडी. दुसऱ्या बाजूला नवे टॉवर. टॉवरमधले लोक सामना चालू असताना गॅलरीत कपडे वाळत घालत. जमीन नेमकी कोणाच्या नावावर होती हे माझ्या तक्त्यात नव्हतं. मी विचारलं नाही.

अडचण एकच होती, पाण्याची. बांधाला एक उघाडी होती. उघाडी म्हणजे पाणी आत-बाहेर सोडण्यासाठीचं लाकडी दार. ते कुजलं होतं. नाना दर उन्हाळ्यात त्याला फळ्या ठोकत आणि दर पावसाळ्यात त्या सुटत. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाण असलं की भरदुपारी खाडीचं पाणी त्यातून मैदानात शिरायचं. पश्चिमेच्या कोपऱ्यात घोटाभर साचायचं, आणि ओसरलं तरी पुढे दोन-तीन दिवस चिखल राहायचा. म्हणून संघटनेने मैदानाला मान्यता देताना लेखी अट घातली होती. पाण्यामुळे एक जरी सामना मध्येच थांबवावा लागला तर मान्यता रद्द. त्यावर नानांची सही होती. मान्यता गेली तर क्लबला घरचे सामने दुसरीकडे, संघटना देईल त्या मैदानावर खेळावे लागणार होते. पोरं तिथेही खेळली असती. पण नाना पोरांसाठी क्लब चालवत नव्हते, हे सगळ्यांना माहीत होतं. ते मैदानासाठी क्लब चालवत होते. सामने होत होते म्हणून त्या जागेला मैदान म्हणत, एरवी सगळे तिला खाजणच, म्हणजे खाडीकाठची खारट पडीक जमीनच म्हणाले असते.

त्यामुळे जिल्ह्यात हा एकच क्लब तिथी बघून सामने लावायचा. हंगामाचं वेळापत्रक हातात आलं की नाना घरच्या दारामागचं कॅलेंडर उतरवत आणि दोन्ही शेजारी ठेवून बसत. मग सावंतांना फोन. फोनवर हॅलो वगैरे काही नाही. "दुसरा रविवार न्हाय जमनार. उधान हाय." आणि फोन बंद. सावंत सुरुवातीला वैतागले. नंतर त्यांनीही टेबलाच्या काचेखाली भरती-ओहोटीचा तक्ता ठेवला, पण त्यातलं त्यांना काही कळत नसे. ते सरळ नानांनाच विचारत. नाना म्हणाले चालेल की तारीख पक्की. इतक्या वर्षांत ती कधी चुकली नव्हती.

दुसरी एक पद्धत होती, तिला तिथे 'ओळ' म्हणत. सामन्याआधी दोन्ही संघांनी मैदानाच्या रुंदीभर एका ओळीत उभं राहायचं आणि एका गोलापासून दुसऱ्या गोलापर्यंत वाकून चालत जायचं. पाण्याबरोबर कालवांचे शिंपले यायचे. ते पात्यासारखे धारदार असतात. काचा, टॉवरवरून पडलेले चिमटे, कधी फुटलेली कुंडी. जे दिसेल ते उचलायचं. पाहुण्या संघालाही सुटका नव्हती. मी एकदा म्हटलं, नाना, हे काम यजमान संघाचं आहे. ते म्हणाले, "पाय काय फक्त आमच्याच पोरांना हायेत?"

एकदा मीरा रोडच्या एका फुटबॉल अकादमीचा संघ आला होता. सगळ्यांच्या बॅगा एकसारख्या. त्यांचे कोच म्हणाले, "हमारे बच्चे कचरा नहीं उठाएँगे."  कोणता गोल तुमचा, एवढंच नानांनी विचारलं. मग आपल्या पोरांना आपल्या अर्ध्या भागात उभं केलं आणि तेवढंच साफ करून घेतलं. मध्यरेषेपाशी आल्यावर त्यांनी ओळ थांबवली. कोच बघत होते. थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं की आपली पोरं चढाई साफ भागात करणार, पण आपला गोलकीपर शिंपल्यांवर उड्या मारणार. ते मुकाट्याने पोरांना घेऊन उरलेल्या अर्ध्यात वाकले. नाना मला म्हणाले, "चांगला मानूस हाय. लवकर समजला." अकादमीने तो सामना पाच गोलांनी जिंकला. त्याचं नानांना काही नव्हतं.

त्यांच्या पत्नी यमुनाबाई भाईंदर पश्चिमेला बाजारात भाजी विकायला बसत. मैदान त्यांना अजिबात पसंत नव्हतं. त्या मैदानावर एकदाच आल्या, आणि मी तेव्हा तिथे होते. नाना घराची किल्ली खिशात घालून आले होते आणि बाई बाजारातून परतल्या तर दाराला कुलूप. टोपली डोक्यावर घेऊन त्या थेट मैदानात शिरल्या. खेळ चालू होता. रेफ्रीने शिट्टी वाजवली तरी त्या थांबल्या नाहीत, कारण ती आपल्यासाठी आहे असं त्यांना वाटलंच नाही. नानांच्या हातातून किल्ली घेतल्यावर त्या जरा वेळ उभ्या राहिल्या. मग गोलकीपरकडे हात करून म्हणाल्या, "त्या पोराला कोन खेलवत का न्हाय? मगापासून एकटाच उबा हाय." बाकावरची पोरं हसली. नानाही हसले. "तुमचा खाजन तुमाला लखलाभ," असं म्हणून त्या गेल्या. त्या दिवसापासून संघातली पोरं गोलकीपरला 'एकटा' म्हणायला लागली.

आता त्या रविवारबद्दल.

लीगमधला 'तारा'चा एक सामना रेफ्री न आल्याने राहिला होता आणि तो कुठेतरी बसवायचा होता. सावंतांनी नेहमीसारखा नानांना फोन केला. येत्या रविवारी, सकाळी अकरा वाजता. चालेल का? नाना म्हणाले, चालेल. सावंतांनी तारीख पक्की केली. फोनवर त्यांना काहीच वेगळं जाणवलं नाही, असं ते नंतर म्हणाले. जाणवण्यासारखं बहुधा नव्हतंच.

मी साडेदहाला पोहोचले. रेषा आखलेल्या होत्या, खुर्च्या मांडलेल्या होत्या. नानांनी डोक्यावर टोपी घातली होती. टोपी घातलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. खाली वाकले तेव्हा दिसलं की डोकं तुळतुळीत होतं. मी कर्णधाराला बाजूला घेतलं. संदेश त्याचं नाव. त्याचे आईवडील मराठवाड्यातून आलेले, तो स्वतः कुरिअर कंपनीत आहे. तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, नानांच्या घरच्या गेल्या, यमुनाबाई. काल बारावं झालं." त्यांना एक मुलगी, ती सासरी. अग्नी नानांनीच दिला होता. मी विचारलं, मग सामना पुढे का नाही ढकलला? संदेश म्हणाला, आम्ही म्हटलं होतं. पण नाना बोलले, खेळा.

मी नानांपाशी गेले.  मी म्हटलं, आत्ता कळलं. ते म्हणाले, "हां." मग म्हणाले, "पेटीतला कापूस नवीन आनलाय. बघून घ्या." मी पेटी तपासली. कापूस नवीन होता. मी खूण केली.

ओळ निघाली, सामना सुरू झाला. मध्यंतरापर्यंत 'तारा' एका गोलाने पुढे होता, हे तसं नवलच. दुसरा अर्धा सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि पश्चिमेच्या कोपऱ्यात जमीन चमकायला लागली. आधी मला ते ऊन वाटलं. मग कोपऱ्यातल्या झेंड्याची काठी पाण्यात दिसली. उघाडीतून पाणी सरळ, सावकाश, आवाज न करता येत होतं. रेषेपर्यंत आलं आणि विटांचा चुरा त्यात सुटायला लागला. लाल रंग आधी रेषेच्या बाजूला पसरला आणि मग रेषाच राहिली नाही.

नाना त्या कोपऱ्यापासून चार पावलांवर उभे होते. पाणी त्यांच्या पायांवरून पुढे गेलं तरी ते हलले नाहीत. रेफ्री थोडा वेळ खेळ दुसऱ्या बाजूला होऊ देत होता. पण बॉल पाण्यात जाऊन थांबला. दोन्ही संघांची पोरं त्याच्यामागे गेली, एक जण घसरून पडला, आणि रेफ्रीने शिट्टी वाजवली. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. सामना थांबला.

नाना बाकापाशी आले. त्यांनी संदेशला विचारलं, "आज कंची तिथी?" संदेशला माहीत नव्हतं. कोणीतरी फोनमध्ये बघून सांगितलं की अमावस्या काल होती.

नाना म्हणाले, "काल बारावा व्हता."



"भटाला मीच इचारला," ते म्हणाले. "अमाशेला जेवन घातला तं चालल का? तो बोलला चालल." मग ते थांबले आणि परत म्हणाले, "मीच इचारला."

आयुष्यभर तिथी मोजलेला माणूस. सुतकाच्या त्या सगळ्या दिवसांतही त्यांनी तिथ्याच मोजल्या होत्या. अमावस्या कधी आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. फक्त बाराव्याची ती अमावस्या आणि उधाणाची ही अमावस्या एकच आहे, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

अहवाल जागेवरच भरावा लागतो. दोन्ही कर्णधारांच्या आणि यजमान क्लबच्या प्रमुखाच्या सह्या लागतात. मी खुर्चीवर बसून रकाने भरायला घेतले. संघ, वेळ, गोल, सामना थांबल्याची वेळ. मग कारणाचा रकाना आला. संदेश माझ्या शेजारी उकिडवा बसला. म्हणाला, "मॅडम, लिहा ना, क्लबमध्ये मयत झालं होतं म्हणून. माणुसकी म्हणून तरी सोडतील. एक वेळ तरी." दुसऱ्या संघाचा कर्णधारही म्हणाला, हाँ मॅडम, लिख दो, हमको कोई प्रॉब्लेम नहीं. तसं लिहिता येण्यासारखं होतं. खाली शेरा म्हणून जागा असते. मी नानांकडे बघितलं, कारण सही त्यांची लागणार होती.

ते म्हणाले, "पानी लिव बाय. पानी आला, सामना थांबला. तेवराच."

एरवी ते मला मॅडम म्हणत.

"नाना, मैदान जाईल," संदेश म्हणाला.

"जाईल."

"मग लिहू दे ना त्यांना. खोटं आहे का?"

"खोटा न्हाय." नानांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, परत घातली. "ती एकदाच आलती हतं. ती पन किल्लीसाठी. मैदान तिच्या नावावर घालवाचा न्हाय. माज्या हातानं गेला, माज्या नावावर जाऊ दे."

संदेश उठून पाण्याच्या दिशेला गेला. मी लिहिलं, 'भरतीचे पाणी मैदानात आल्याने सामना थांबवला.' शेऱ्याची जागा कोरी ठेवून त्यावर आडवी रेघ मारली. नानांनी सही केली. त्यांची सही मोठी आणि सुवाच्य होती, नेहमी असते तशीच. मला त्या वेळी काही वाटल्याचं आठवत नाही. खुर्च्या मोजून मांडववाल्याला परत द्यायच्या होत्या, त्या एकात एक घालायला मी मदत केली. पाणी तोवर मध्यरेषेपर्यंत आलं होतं.

मान्यता रद्द झाली. बैठकीत त्यावर फार चर्चा झाली नाही, अट स्पष्ट होती. सावंतांनी म्हणून बघितलं की माणूस दुःखात होता. अध्यक्षांनी विचारलं, अहवालात तसं आहे का? नव्हतं. क्लबला घोडबंदर रस्त्याला चेणे गावाजवळचं मैदान देण्यात आलं. नानांना बैठकीला बोलावलं होतं, ते आले नाहीत. संदेश आला होता. त्याने नव्या मैदानाचा पत्ता लिहून घेतला आणि भाईंदर स्टेशनवरून तिकडे कोणती बस जाते ते विचारलं.

नानांना मी त्यानंतर एकदाच बघितलं. मे महिना होता. एक मैदान तपासायला मी रिक्षाने निघाले होते आणि काशीमिऱ्याच्या सिग्नलला अडकले. पुढे एक छोटा टेम्पो उभा होता. त्यात गोलाचे लोखंडी खांब आडवे घातले होते. ते टेम्पोच्या मानाने फारच लांब होते, मागे हातभर बाहेर आलेले. बाहेर आलेल्या टोकांवर पंचा बांधला होता, आणि खांब निसटू नयेत म्हणून नाना त्यांवर बसले होते, तोंड मागच्या गाड्यांकडे करून. डोक्यावर केस परत आले होते, सगळे पांढरे.

मी रिक्षातून डोकं बाहेर काढून हाक मारली. त्यांनी ओळखलं.

"नाना, हे कुठे?"

"चेन्याला. तिकरचं खांब वाकलेत. पोरं बोलली, आपले चांगले हायेत, तेच लावू."

"आणि मोरव्याला?"

"तिकरं आता कोनाला लागतान?" ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. मग त्यांनी विचारलं, "तुमी आज कंच्या मैदानावर?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली.

खांबांचा जो भाग जमिनीत गाडलेला असतो तो माझ्या बाजूला होता. त्याला काळा चिखल चिकटला होता, अजून ओला. सकाळीच उपटले असावेत. सिग्नल सुटला आणि टेम्पो घोडबंदरच्या दिशेला वळला. वळताना खांब एकमेकांवर आपटले, तसे नानांनी दोन्ही हात पसरून त्यांच्यावर भार दिला. थोडा चिखल सुटून रस्त्यावर पडला. त्यांनी तो पडताना बघितला. मग माझ्या रिक्षावाल्याने गाडी सरळ घेतली.